एकनाथरावांचा दुसरा गिअर

एकनाथरावांच्या जीपचा गिअरबॉक्स मी फोडला. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. हैदराबादेत, आमच्या अंबरपेठेतल्या गल्लीत ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मी नाही सांगितलं तर दुसरं कुणीतरी जास्त रंगवून सांगेल.

झालं असं, की गल्लीत गटाराचं काम निघालं. एक माणूस खोदायला आला आणि त्याला खोदताना बघायला आणखी चौघे आले. एक खड्डा झाला, पण पुढच्या खोदायच्या जागेवर नेमकी जीप उभी. ती हलवा म्हणाले. एकनाथराव औषधं आणायला गेलेले. किल्ली जीपलाच लटकत होती. ती तशीच लटकत असते, कारण ती जीप चोरायची तर चोराला आधी एकनाथरावांकडे महिनाभर शिकवणी लावावी लागेल. डावीकडच्या सीटवर कुसुमताई, म्हणजे एकनाथरावांच्या पत्नी, बसलेल्या होत्या. दोघांची फिरायला जायची वेळ संध्याकाळची, पण त्या दुपारपासूनच येऊन बसत. आता, बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला गल्लीत फारसं कुणी काही विचारत नाही. त्या दिवशी मला पाच माणसांनी एकदम 'साब' म्हटलं. मी चढून बसलो.

पहिला गिअर पडला. आमची गल्ली मुसी नदीच्या बाजूला उतरती आहे. जीप आपणहून चालू लागली, आणि मी ऐटीत दुसरा टाकला. तेवढ्यात माझ्या हातावर कुसुमताईंचा हात आला आणि त्यांनी गिअरचा दांडा घट्ट धरला. मी म्हटलं, ताई, हात काढा, लागेल. त्यांनी काढला नाही. मग मी हसत हसत, लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसा, तो हात उचलून बाजूला केला. त्याबरोबर दांडा खाडकन निसटला, जीप मोकळी सुटली, समोर खड्डा, खड्ड्यात तो खोदणारा माणूस, आणि मला ब्रेक सापडेना. मी दांडा धरला आणि अंगात होती नव्हती ती ताकद लावून ओढला. कुठल्या गिअरमध्ये ओढला ते मागाहून कळलं. रिव्हर्समध्ये. लोखंडी कपाटात कुणी नारळ फोडावेत तसा आवाज झाला आणि जीप खड्ड्याच्या काठावर थांबली. खालून काळं तेल वाहू लागलं. गटारवाल्यांनी ते पाहिलं, गाडी मध्ये असल्यामुळे आज काम होणार नाही असं जाहीर केलं, आणि पाचही जण चहाला गेले.

एकनाथराव औषधांची पिशवी घेऊन आले. त्यांनी तेलाकडे पाहिलं. मी माफी मागायला सुरुवात केली होती. ती बरीच लांब चालली असती. त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, "तिचा हात कुठं होता?"

"दांड्यावर. मीच काढला. म्हटलं, लागायचं त्यांना."

"हौ," एवढंच म्हणाले, आणि पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसले. जीपबद्दल त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन शांतपणे जेवलो असतो.

एकनाथराव भूजल खात्यात होते. घराणं जुन्या निजामी मुलखातलं, शेतीवाडीचं. वडील नोकरीच्या निमित्तानं हैदराबादेत आले ते इथलेच झाले. एकनाथरावांनी उभी नोकरी एकच काम केलं. कोरड्या गावात जायचं, दगडांतून हिंडायचं, आणि इथं पाणी लागेल की नाही ते गावाला सांगायचं. बहुतेक वेळा नाही म्हणूनच सांगावं लागे. त्यामुळे त्यांचा आवाज असा झालाय, की ते 'या, चहा घ्या' म्हणाले तरी आपली बोअर कोरडी जाणार असं वाटतं. पण माणूस चहा पाजल्याशिवाय सोडणार नाही. आणि चहा ते स्वतः करतात, तो उत्तम असतो.

जीप खात्याचीच. खात्यानं ती निकालात काढली तेव्हा यांनी लिलावात उचलली. लोकांना वाटलं, साहेबांनी भंगार घेतलं. साहेबांना वाटलं, आपली होती ती घरी आणली.

ती खात्याची होती तेव्हापासूनच तिच्या दुसऱ्या गिअरला एक खोड होती. नलगोंड्याकडच्या कुठल्याशा टेकडीवरून उतरताना तो पहिल्यांदा निसटला. कुसुमताई शेजारी होत्या. त्या गौलीगुड्याच्या एका शाळेत मराठी शिकवायच्या आणि सुट्ट्यांत नवऱ्याबरोबर दौऱ्यावर जायच्या, जे नियमात बसत नव्हतं, आणि ज्याबद्दल खात्यात कुणी बोलत नव्हतं, कारण त्या सगळ्यांसाठी डबा नेत. रस्ता असा, की एकनाथरावांना दोन्ही हात स्टिअरिंगला हवे. ते म्हणाले, धर. कुसुमताईंनी दांडा धरून ठेवला. उतार संपल्यावर विचारलं, सोडू? हे म्हणाले, सोड. झालं. तेव्हापासून उतार आला की त्या धरत आणि सपाटी आली की विचारून सोडत. गिअर दुरुस्त करायला हवा हे दोघांनाही कळत होतं. पण एखाद्या घरातला नळ कसा वर्षानुवर्षं एका ठरावीक तऱ्हेनं पिळूनच बंद होतो, पाहुण्यांना तो कधीच जमत नाही, आणि घरच्यांना त्यात काही बिघाड आहे हेच आठवत नाही, तसं त्या गिअरचं झालं होतं.

आमच्या गल्लीला यातलं काही माहीत नव्हतं. आम्हाला दिसायचं ते एवढंच, की म्हातारा-म्हातारी रोज संध्याकाळी जीपमधून मुसीच्या पुलापर्यंत जाऊन येतात आणि मधल्या दांड्यावर हातावर हात. माझी बायको भारती गॅलरीतून मला ते दाखवायची. "बघा जरा. नाहीतर तुम्ही. मी शेजारी बसले की सीटबेल्ट धरून बसता." मी म्हणायचो, त्यांची जीप उघडी आहे, पडायची भीती असते म्हणून धरतात. ते निम्मं तरी बरोबर निघेल असं मलाही वाटलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी कुसुमताईंचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा विसरला, मग गॅसवरचं दूध, मग माणसांची नावं. मग एकनाथराव. घरात त्या त्यांना कधी मीटर बघायला आलेला माणूस समजत, कधी खात्याचा चपराशी. 'साहेब दौऱ्यावर आहेत, उद्या या,' असं सांगून दारातूनच परत पाठवत. एकनाथराव बरं म्हणत, घराला वळसा घालून मागच्या दारानं आत येत, आणि भात लावत.

फक्त जीपमध्ये तसं नसे. गाडी मुसीच्या उताराला लागली आणि दुसरा पडला, की कुसुमताईंचा हात आपोआप दांड्यावर जाई. पुलापाशी सपाटीला आल्या की त्या विचारत, सोडू? हे म्हणत, सोड. दिवसभरात त्या नवऱ्याशी एवढं एकच वाक्य बोलत. बाकी सगळं बोलणं चपराशाशी. हे एकनाथरावांनी मला त्या दिवशी पायरीवर बसून सांगितलं, अगदी त्याच आवाजात, ज्यात ते गावकऱ्यांना इथं खणू नका म्हणून सांगत असतील.

जीप ओढत कुकटपल्लीला नेली. तिथं सत्तारभाईंची शेड आहे. खात्याच्या सगळ्या जीपा पूर्वी त्यांच्याकडेच जायच्या. आता तसल्या जीपा राहिल्या नाहीत, म्हणून आजूबाजूच्या कारखान्यांचे टेम्पो दुरुस्त करतात आणि टेम्पोंबद्दल सारखे वाईट बोलतात. गिअरबॉक्सला ते डब्बा म्हणतात. त्यांनी डब्बा खाली उतरवून उघडला. आतल्या चक्रांचे दात तुटून तेलात पडले होते आणि बाहेरच्या कवचाला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा. सत्तारभाईंनी टोपी काढली. "डब्बे का इंतकाल हो गया, साब." मग माझ्याकडे वळून अदबीनं विचारलं, "आप गिअर डाले थे, क्या सब्बल मारे थे?" सब्बल म्हणजे पहार.

एकनाथरावांनी विचारलं, हाच परत जोडता येईल का, होता तसा. सत्तारभाई म्हणाले, कवच जोडलं तरी आत घालायला चक्रं कुठून आणू, कुणी बनवत नाही आता. दुसरा डब्बा शोधावा लागेल आणि त्याला वेळ लागेल.

वेळ लागला. इथल्या भंगारवाल्यांकडे बघितलं, बाहेरगावी निरोप गेले. दरम्यान गल्लीत जीपच्या जागी तेलाचा डाग राहिला होता. कुसुमताई दुपारी येऊन त्याच्या कडेला उभ्या राहत. आपण कशाची वाट बघतोय हे त्यांना सांगता येत नसे. पाय दुखले की आत जात. भारतीनं तिथं एक खुर्ची नेऊन ठेवली. मी गॅलरीत जायचं बंद केलं.

त्यांची मुलगी प्रणिता कुकटपल्लीलाच राहते, मोठ्या कंपनीत आहे, आईवर जीव आहे तिचा. ती म्हणाली, "बाबा, ती जीप सेफ नाहीये, प्लीज. आईसाठी आपण ऑटोमॅटिक घेऊ. गिअरची भानगडच नको." एकनाथराव तिला बरं म्हणाले. तेही त्यांनी, कुसुमताई चपराशी समजून परत पाठवतात तेव्हा म्हणतात, त्याच 'बरं'मध्ये म्हटलं.

मग एकदा त्यांना वाटलं, निदान जीपमध्ये बसवून आणावं. रिक्षा करून कुसुमताईंना शेडमध्ये नेलं. मीही गेलो. त्या ओळखीच्या पायरीवरून चढावं तशा चढून आपल्या सीटवर बसल्या. एकनाथराव आपल्या जागी बसले. कुसुमताईंचा उजवा हात पुढे झाला. दांड्याच्या जागी भोक होतं आणि त्यावर सत्तारभाईंनी गोणपाट टाकलेलं. हात गोणपाटावर जाऊन थांबला. कुसुमताईंनी ते उचलून बाजूला केलं आणि वाकून भोकातून खाली पाहिलं. बराच वेळ पाहत होत्या. मग सरळ बसल्या आणि म्हणाल्या, "इथं पाणी नाही."

सत्तारभाई हसले, आणि आम्ही दोघं हसत नाही हे बघून टेम्पोखाली गेले.

पुढे सत्तारभाईंना एकदम दोन डब्बे मिळाले. एक जुना, झिजलेला, आवाज करणारा. चालेल, पण गिअर टिकायची हमी नाही. दुसरा कुणीतरी नीट दुरुस्त करून, जपून ठेवलेला, अगदी नव्यासारखा. सत्तारभाईंनी दोन्ही जमिनीवर मांडले. एकनाथराव झिजलेल्यापुढे उकिडवे बसले. वरच्या बाजूनं हात घालून त्यांनी दुसरा गिअर टाकला, थोडं ढकललं, तो निसटला. पुन्हा टाकला, पुन्हा निसटला. त्यांचा चेहरा उजळला. कोरड्या गावात ओली माती लागल्यावर दिसत असेल तसा.

आणि इथं मी तोंड घातलं. फोडलेल्या वस्तूच्या बदल्यात चांगली वस्तू द्यायची, हे माझ्यावर झालेले संस्कार. मी म्हटलं, एकनाथराव, मोडकं काढून मोडकं बसवायचं हे काही मला पटत नाही, दुसराच घ्या. ते म्हणाले, हाही चालंल की. मी म्हटलं, चालेल म्हणून नको, उतारावर निसटला तर तुम्ही दोघं मुसीत जाल, आणि मला जन्मभर झोप लागणार नाही. मी हात जोडले. सत्तारभाईही माझ्या बाजूनं बोलले. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. एकनाथराव दुसऱ्याला अवघडलेलं बघू शकत नाहीत. मला बरं वाटावं म्हणून ते हो म्हणाले.

नवा डब्बा चढवताना मी मदतीला गेलो होतो. सत्तारभाईंनी मला बॅटरी धरायला दिली आणि थोड्या वेळानं तीही काढून घेतली. चार चाकांना जोर देणारा खालचा छोटा डब्बा जुनाच होता, तो नव्याला जोडला, क्लचची थाळी बदलली, नवं तेल भरलं. जीप गल्लीत आली तेव्हा भारतीनं तिला कुंकू लावलं. मी नारळ फोडला. या वेळी बाहेर.

संध्याकाळी एकनाथरावांनी मला मागं बसायला सांगितलं. गाडी मुकाट चालत होती. गिअर असे पडत होते, की पडले हे कळत नव्हतं. उतार आला. एकनाथरावांनी दुसरा टाकला आणि आपला हात काढून घेतला. कुसुमताईंचा हात गेला. मी मागून बघत होतो. मला आठवतं, मी देवाचं नाव घेतलं. त्यांनी दांडा धरला. थोडा वेळ धरून ठेवला. मग हात उचलून पदरात घेतला.

"धर ना, कुसुम," एकनाथराव म्हणाले.

"कशाला? नीट बसलाय की तो," त्या म्हणाल्या. आवाज अगदी शाळेतला, फळ्याकडे पाठ करून उभ्या असल्यासारखा. मग नवऱ्याकडे वळून बघितलं आणि विचारलं, तुम्ही कुठल्या ऑफिसातले, साहेबांना निरोप द्यायचाय का काही.

पूल आला, सपाटी आली. कुणी काही विचारलं नाही. एकनाथरावांनी गाडी वळवली.

त्यानंतर ते रोज कुसुमताईंना घेऊन जात राहिले. रोज दुसरा टाकायचा, हात काढून वाट बघायची. हात येईनासा झाला. एका सकाळी एकनाथराव जीप घेऊन कुकटपल्लीला गेले. मीही बसनं पाठोपाठ गेलो, त्यांनी नको म्हटलं असतानाही. झिजलेला डब्बा द्या म्हणाले. तो गेला होता. झहीराबादकडच्या कुठल्याशा उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं आपल्या जीपसाठी नेला होता. मग एकनाथरावांनी विचारलं, हा जो बसवलाय, त्याचा दुसरा गिअर निसटेल असं काही करता येईल का.

सत्तारभाईंना आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग वाटलं, साहेबांचं डोकं फिरलं. "उमर भर निकलता सो गिअर बिठाया साब मैं. अब बैठा हुआ निकालूँ? लोगां क्या बोलते?" एकनाथरावांनी त्यांना कुसुमताईंचं सांगितलं. मोजक्या शब्दांत सांगितलं. सत्तारभाईंनी चहा मागवला, तो पिऊन होईपर्यंत कुणाकडे बघितलं नाही, आणि मग स्वतःच जीपमध्ये चढून वरचं झाकण उघडलं. गिअर जागेवर दाबून ठेवणारी एक गोळी असते आणि तिच्यामागं स्प्रिंग. ती स्प्रिंग त्यांनी काढली, गाडी शेडबाहेर नेऊन एक चक्कर मारली, परत येऊन म्हणाले, निकलता. म्हणताना एखाद्या हकिमानं विष बांधून द्यावं तसा चेहरा होता. मजुरी घेतली नाही.

मला मात्र आशा होती. मी माणूसच आशावादी. त्यामुळेच हे सगळं झालं. त्या संध्याकाळी पुन्हा मी मागं बसलो. उताराला दुसरा पडला. एकनाथरावांनी हात काढला आणि म्हणाले, "धर."

कुसुमताई समोर बघत होत्या. दांडा खाडकन निसटला. जीप उसळली, इंजिन किंचाळलं, एकनाथरावांनी ब्रेक दाबून गाडी कडेला घेतली. कुसुमताईंनी दोन्ही हातांनी बाजूचा कठडा धरला होता. मागून एक बसवाला हॉर्न वाजवत होता. "मला उतरवा," त्या म्हणत होत्या. "साहेबांना बोलवा. मला उतरवा."

"कुसुम, मीच आहे."

त्यांनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. अगदी प्रामाणिकपणे पाहिलं, हे मला सांगितलंच पाहिजे. मग मान हलवली. "नाही. तुम्ही नाही."

त्या चालत घरी आल्या. मी एका बाजूला, एकनाथराव दुसऱ्या बाजूला, पण थोडं अंतर ठेवून, त्यांनी घाबरू नये म्हणून. जीप उतारावरच कडेला उभी राहिली, ती एकनाथरावांनी नंतर जाऊन आणली. तेव्हापासून कुसुमताई जीपजवळ येत नाहीत. दुपारी डागाच्या कडेला येऊन उभं राहणंही थांबलं. भारतीनं खुर्ची परत आणली. दोन डब्ब्यांच्या मधे जे दिवस गेले, त्या दिवसांत हात विसरला, की नव्या डब्ब्यानं त्याला विसरायला लावलं, की ते असंही होणारच होतं, हे डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मला सांगता येतं, पण ते मी भारतीपाशीही बोललो नाही.

एकनाथरावांनी स्प्रिंग काही परत बसवून घेतली नाही. मी सुचवलं, प्रणितानं फोनवर रागावून सांगितलं, सत्तारभाईंनी निरोप पाठवला. ते सगळ्यांना बरं म्हणाले. आणि संध्याकाळ झाली की जीप काढून एकटेच मुसीच्या पुलापर्यंत जाऊन येतात. उताराला उजव्या हातानं स्टिअरिंग, डाव्या हातानं दांडा. एका हातानं ती जीप वळवणं म्हणजे रेड्याला कान धरून वळवणं. पुढून बस येते तेव्हा आख्खी गल्ली श्वास रोखून उभी असते. परत आले की लोक आपापल्या घरात जातात आणि मग माझ्याकडे येऊन सांगतात, तुम्ही बोला त्यांच्याशी, तुमचं ऐकतात. माझं ऐकून काय झालं हे त्यांनाही माहीत आहे, तरी सांगतात.

परवा मी जीप निघायच्या वेळी जाऊन उभा राहिलो. एकनाथरावांनी इंजिन सुरू केलं होतं. वरच्या खिडकीत कुसुमताई बसल्या होत्या आणि रस्त्यावरून जाणारी माणसं बघत होत्या, त्यातच आम्हीही. मी म्हटलं, एकनाथराव, तुम्ही जायचं थांबवा असं मी म्हणणार नाही. पण एकटे नका जाऊ. मला काम नाही, धंदा नाही. मी रोज येत जातो, पुढं शेजारी बसतो आणि गिअर धरतो. तुम्ही म्हणाल तेव्हा धरीन, म्हणाल तेव्हा सोडीन, मधे एक शब्द बोलणार नाही. एवढं बोलून मी डावीकडे वळसा घालून गेलो आणि चढायला पाय उचलला.

"नक्को," एकनाथराव म्हणाले. "तिथं कुसुम बसते."